पाठ कोणाच्या हाती द्यावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. शरीरशास्त्र मी शिकले नाही. परंतु पंचवीस वर्षांच्या संसारात ज्या पाठीने मला सर्वांत जास्त त्रास दिला, तिच्याविषयी बोलण्याचा हक्क मला आहे असे वाटते. आपल्या सणसरमध्ये पाठ न दुखणारी बाई कोणी शोधून आणली, तर मंडळाने तिचा नारळ देऊन सत्कार करावा. कांद्याची लागण वाकून, भांगलण वाकून, गोठा वाकून, आणि वाढ्याचा भारा डोक्यावर. तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की भाकरी थापताना दिवस कसा जातो ते कळत नाही, पण दुसऱ्या दिवशी पालखी बेलवाडीच्या रिंगणाला निघते आणि आपण जमिनीला हात टेकून उठतो.

चार वर्षांमागे कांद्याच्या वाफ्यातून उठताना माझ्या कमरेत उसण भरली. धड वाकता येईना, धड सरळ होता येईना. सासूबाईंनी ताबडतोब वाड्यापलीकडच्या म्हातारीला बोलावणे धाडले, कारण ती पायाळू. जन्मताना जिचे पाय आधी आले, तिने पाठीला पाय लावला की उसण जाते, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहे. म्हातारीने तीन वेळा पाय लावला, चहा घेतला, दोन घटका बसली. तिसऱ्या दिवशी मी चालू लागले. आता, साधी उसण काही दिवसांत आपोआपच ओसरू लागते असे पुढे मला बारामतीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले. तेव्हा पाय लावल्याने गेली की जायचीच होती म्हणून गेली, हे मला सांगता येणार नाही. सासूबाईंशी मात्र मी वाद घातला नाही. म्हातारीचा पाय हलका होता आणि तिने पैसे मागितले नाहीत.

पुढल्या हिवाळ्यात दुखणे परत आले. या खेपेला हाडवैद्याकडे नेले. त्यांनी तेल लावून पाठ चोळली, कुशीवर वळवले, एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि असा हिसका दिला की कड् असा आवाज आला. बरोबरच्या बायका म्हणाल्या, "बसला बाई मणका जागेवर!" मला खरोखरच मोकळे वाटले, ते चारेक दिवस टिकले. परंतु तो आवाज मणका जागेवर बसल्याचा नसतो, बरे का. आपण बोटे मोडतो तेव्हाही तोच आवाज येतो. सांध्यात वंगणासारखे पाणी असते. सांधा ताणला की त्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी बोट ओढता ओढता एम.आर.आय.वर ती पोकळी होताना पाहिली. आणि विचार करा, मणका खराच जागेवरून निखळला असता, तर मी हाडवैद्याच्या ओसरीपर्यंत चालत गेले असते का?

माझा भाचा मोबाईलवर याच कडकड आवाजाची चित्रे पाहत बसतो. पलंगावर माणूस निजलेला, डॉक्टरसारखा दिसणारा गडी त्याला हिसका देतो. या विद्येला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. भाच्याला मी म्हटले, अरे, हे तर आपल्या हाडवैद्याचेच काम. तसे ते अगदीच तेच नाही. अमेरिकेत डेव्हनपोर्ट नावाच्या गावी १८९५ साली डी. डी. पामर नावाच्या गृहस्थाने ती काढली. हा पूर्वी किराणा दुकान चालवीत असे. त्याच्या इमारतीत झाडलोट करणारा एक माणूस बहिरा होता. सतरा वर्षांमागे वाकला असता पाठीत काही तटकन झाले आणि तेव्हापासून ऐकू येईना, असे त्याने सांगितले. पामरने त्याचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, अशी कथा आहे. पामर मग म्हणू लागला की शंभरातले पंचाण्णव रोग मणके सरकल्यामुळेच होतात. १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून त्याला तुरुंगातही जावे लागले. ऐकण्याची नस पाठीतून जातच नाही, ती कवटीतल्या कवटीत असते. त्यामुळे डॉक्टर मंडळी ती कथा मानीत नाहीत.

पण एवढ्यावरून सगळेच टाकाऊ म्हणू नये. अमेरिकेतल्या सर्व राज्यांत आज या लोकांना शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन छापले. त्यात व्यायाम, रोग्याला नीट माहिती देणे, मालिश यांच्याबरोबर पाठीला असा हिसका देण्याचाही उपयोग होऊ शकतो असे म्हटले आहे. वजन लावून कंबर ताणणे आणि कमरेचा पट्टा मात्र नेहमीच्या इलाजात नको म्हटले आहे. आपल्या देशात कायरोप्रॅक्टिकची नोंदणी करणारी सरकारी परिषद नाही. म्हणजे पाटी लावणारा शिकलेला आहे की मोबाईल पाहून शिकला आहे, हे आपणच विचारायचे. विचारायला लाजू नये. साडी घेताना आपण पदर चार वेळा उलटून पाहतो.

आता मुख्य गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगते. त्यांची पाठ तीन महिने दुखत होती. रात्री निजल्यावरही दुखे. संध्याकाळी कणकण येई, अंगावरचे चोळीचे ब्लाऊज सैल झाले. उन्हात काम केल्याने असेल म्हणून घरात सगळे गप्प. त्याच हाडवैद्याकडे मी त्यांना घेऊन गेले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पाठीवरून नुसती बोटे फिरवली, एका मणक्यावर थांबले, किती दिवस ताप येतो ते विचारले आणि हात मागे घेतला. म्हणाले, "ताई, ही लचक नव्हे. मी दाबले तर मणका ढासळेल. आजच फोटो काढा." पैसे घेतले नाहीत. तपासण्या झाल्या आणि मणक्याचा क्षय निघाला. क्षय काय फक्त छातीचाच असतो असे आम्हांला वाटे. औषध वर्षाहून अधिक चालले. ते सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते, आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला पैसेही मिळतात. २०१८ पासून पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. आज जाऊबाई पाणी आणतात, भांडतातही. त्या दिवशी तिथे दुसरा कोणी हिसका देणारा भेटला असता, तर त्या कदाचित अंथरुणावरच राहिल्या असत्या.

म्हणून माझे मत असे, की हात चांगला कोणाचा, तर जो नाही म्हणू शकतो त्याचा. आणि आपणही काही गोष्टी ओळखाव्यात. ताप, वजन घटणे, रात्री निजूनही न थांबणारे दुखणे, पडल्यानंतरचे दुखणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांत पाठ चोळूनसुद्धा घेऊ नये, आधी डॉक्टर. पाय लुळा पडू लागला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी-संडास कळेनासे झाले, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. सकाळची वाट पाहू नये. पाळी गेलेल्या बायांची हाडे ठिसूळ होतात, त्यांना हिसका नकोच. आणि घरच्या पुरुषांना सांगा, दाढी झाल्यावर न्हावीदादांकडून मान मोडून घेऊ नका. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या जातात. क्वचितच, पण हिसक्याने नळी फाटून लकवा झाल्याची उदाहरणे आहेत.

माझ्या पाठीचे म्हणाल, तर फोटोत "मणक्यात गॅप" निघाली. तो शब्द ऐकून मी आठ दिवस जेवले नाही म्हणाना! फिजिओथेरपिस्ट बाई हसल्या. चाळिशीनंतर पुष्कळांच्या फोटोत असे दिसते, त्यांतल्या कित्येकांना काही दुखतही नाही, म्हणाल्या. त्यांनी तीन व्यायाम दिले. उताणे निजून गुडघे उभे करायचे आणि कंबर उचलायची, हा एक. तो मी रोज पहाटे चहा ठेवण्याआधी करते. पण व्यायामापेक्षा कामाची वाटणी जड गेली. पेंडीचे पोते मी उचलणार नाही असे मी घरात सांगितले, तेव्हा मालक म्हणाले, "मग कोण उचलणार?" मी म्हटले, तुमच्या पाठीचा फोटो अजून काढलेला नाही, तुम्हीच उचला. दोन दिवस अबोला झाला, पण पोते उचलले गेले. भांगलताना अर्ध्या तासाने उभे राहायचे, घागर दोन खेपांत आणायची, कणीक ओट्यावर उभ्याने मळायची, हे मी लावून घेतले आहे. दुखणे संपूर्ण गेले असे मी म्हणत नाही. ढगाळ हवेत कंबर अजून आठवण देते.

त्या बाई पुढच्या मंगळवारी भजनाच्या आधी तासभर मंडळात यायला तयार आहेत. येताना प्रत्येकीने बसायला सतरंजी आणावी, आणि शक्यतो सुनेलाही घेऊन यावे.