पत्र्याची पारख



वढू बुद्रुकहून कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली असे करीत आपण पुण्याला निघालो, की खराडीपाशी उंच इमारती दिसू लागतात. कित्येकींच्या अंगावर धातूचे चकचकीत तक्ते बसवलेले असतात. आपण क्षणभर पाहतो नि पुढे जातो. पण आता आपली मुले अशाच इमारतींत नोकरीला जातात, राहायलाही जातात. तेव्हा हे तक्ते कसे निवडावेत, याचा विचार आपणही करायला हवा.

पत्रा आपल्या ओळखीचा आहेच. गोठ्यावरचा पत्रा लोखंडाचा, वर जस्ताचा मुलामा. जस्त स्वतः झिजते, पण लोखंडाला गंजू देत नाही. मुलामा संपला, की गंज चढलाच म्हणून समजा. ॲल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश, आणि हवेने त्यावर आपोआप एक पातळ कवच धरते. म्हणून उंचावर त्याला मान. पण त्याचीही खोड आहे. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमचे पातेले काळवंडते ना? तसाच ओल्या चुन्यासिमेंटचा स्पर्श त्याला सोसत नाही.

दुपारी छपराचा पत्रा ताडताड वाजतो, कारण उन्हाने तो वाढत असतो. तीन मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा तक्ता 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर वाढतो. लोखंडाचा त्याच्या निम्माच. सांध्यात तेवढी जागा सोडली नाही, तर तक्ता फुगतो, पकड सैल होते.

पण सर्वांत मोठी गोष्ट निराळीच आहे. पुष्कळ तक्ते भरीव धातूचे नसतात. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मधे भरण. हे भरण कधी चटकन न पेटणारे असते, तर कधी निव्वळ पॉलिथिन. दुधाची पिशवी असते ना, त्याच जातीचे. बाहेरून दोन्ही तक्ते सारखेच दिसतात!

लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या 24 मजली इमारतीवर असे पॉलिथिनभरले तक्ते होते. 14 जून 2017 रोजी चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फ्रिजपाशी आग लागली. ती बाहेरच्या तक्त्यांना भिडली आणि भराभर माथ्यापर्यंत गेली. 72 माणसे दगावली. आग अशी पसरण्याचे मुख्य कारण हे तक्तेच, असे चौकशीत ठरले. पुढे 2018 साली इंग्लंडने 18 मीटरहून उंच अशा नव्या निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर जळाऊ माल वापरण्यास बंदी घातली.

म्हणून शहरात घर घेणाऱ्याने बेधडक विचारावे: तक्त्याच्या आत काय भरले आहे? आगीच्या चाचणीचा दाखला आहे का? तक्ता आणि भिंत यांमधली पोकळी मजल्यामजल्याला बंद केली आहे का? शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे प्रश्न वर्गातही सांगावेत. आजची मुले उद्या घरे घेतील, काही जण बांधतीलही.

बैल विकत घेताना आपण झूल पाहून पैसे मोजत नाही. झूल बाजूला सारून खांदा पाहतो. पत्र्याचेही तसेच आहे.