संगणकाचे गाऱ्हाणे



मी इंजिनियर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण गेटसभांत आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर झाले. तेव्हा लिनक्सवर बोलायला मी उभा राहिलेला पाहून काहींना हसू आले असेल. पण तक्रारअर्ज लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली, आणि आजचा विषय तक्रारीचाच आहे.

आमच्या युनियनच्या कचेरीतील जुन्या संगणकावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. तिला दाम पडत नाही हे एक कारण. दुसरे पुढे सांगतो. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची १३वी आवृत्ती निघाली. यथावकाश आमच्या चिटणिसांनी १२वीवरून ती चढवली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, आणि शनिवारी संध्याकाळी मला फोन आला : "भाऊ, पगारपावत्या गेल्या!" निवृत्त कामगारांच्या चाळीस पावत्या स्कॅन करून ठेवलेल्या. मूळ कागद ज्याच्या-त्याच्या गावी परत गेलेले. सोमवारी न्यायालयात तारीख.

चिटणीस भलतेच संतापले होते. 'तुमच्या नव्या आवृत्तीने आमच्या फायली खाल्ल्या' असे पत्रही त्यांनी लिहून ठेवले होते. मी म्हटले, जरा थांबा. कामगार येऊन सांगतो, 'मला कामावरून काढले.' आपण आधी काय विचारतो? कधी काढले, कोणत्या पाळीला, हातात कागद दिला का? तेच इथे विचारू. फायली होत्या कोठे? 'टीएमपी' नावाच्या फोल्डरात. टीएमपी म्हणजे टेंपररी, तात्पुरते! यंत्र रात्रंदिवस चालू असे, म्हणून धर्मशाळेची खोली यांना घर वाटू लागली होती.

मग नव्या आवृत्तीबरोबर येणारी माहितीपत्रिका उघडली. ती आधी वाचायची असते, आणि कोणीच वाचत नाही; आमचे करारनाम्यांचेही तेच होते. तीत स्वच्छ लिहिले होते की, टीएमपी आता डिस्कवर न राहता यंत्राच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये राहते. हा बदल यंत्र पुन्हा चालू केल्यावर लागू होतो. आणि जुन्या फायली नव्या टीएमपीखाली झाकल्या जातात. झाकल्या जातात, पुसल्या नव्हे! मूळ डिस्क दुसऱ्या जागी जोडून पाहण्याची आज्ञाही तेथेच दिली होती. चाळीसच्या चाळीस पावत्या निघाल्या. सोमवारी त्या न्यायालयात दाखल झाल्या.

येथे चूक आमची होती. पण नेहमीच तसे नसते. समजा, आवृत्ती चढवल्यावर पडदा काळाच राहिला. यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत जुना कर्नल, म्हणजे प्रणालीचा आधीचा गाभा, बहुधा शिल्लक असतो. तो निवडून यंत्र नीट चालले, तर तुमच्या हाती साक्षीदार आला : जुन्यावर चालते, नव्यावर चालत नाही. मात्र घाईने पाच गोष्टी एकदम बदलू नका. मग कशाने बरे झाले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा यंत्राचे रोजनामे दाखवते. बिघडलेल्या वेळेचा रोजनामा काढून ठेवा.

नंतर अर्ज. डेबियनमध्ये त्यासाठी 'रिपोर्टबग' आहे. ते आधी जुन्या तक्रारी दाखवते. तुमचीच तक्रार कोणी केली असेल तर तिलाच आपली माहिती जोडावी. नसेल तर लिहावे : काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. आवृत्त्यांचे आकडे रिपोर्टबग आपणच भरते. गांभीर्याची पायरीही विचारते, आणि सर्वांत वरची निवडण्याचा मोह प्रत्येक तक्रारदाराला होतो; मलाही झाला असता. रोजनामा जोडताना त्यात सभासदांची नावे नाहीत ना, ते पाहावे. कारण हा अर्ज जगाला दिसतो.

आणि हेच माझे दुसरे कारण. १९९७ साली डेबियनवाल्यांनी आपला सामाजिक करार स्वीकारला; आम्ही दोष लपवणार नाही, असे त्यात एक कलम आहे. तक्रारींची सारी वही उघडी असते. फाटकाबाहेर तक्रारवही टांगणारा कारखाना मी तरी पाहिलेला नाही.

चिटणिसांचे ते पत्र मी फाडले नाही, दप्तरी लावले आहे. पावत्या आता 'होम'मध्ये असतात, आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर, माझ्या घरच्या कपाटात.