दार आपणच उघडतो
(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मसाला दूध उकळेपर्यंत दहा मिनिटं बोला, असा अध्यक्षांचा हुकूम आहे. विषय कॉम्प्युटर व्हायरसचा. घाबरू नका, सोपं करून सांगतो.

आपण सगळ्यांनाच सरसकट ‘व्हायरस’ म्हणतो, पण या पाहुण्यांच्या जाती वेगळ्या. खरा व्हायरस एखाद्या फाइलला किंवा डिस्कला चिकटून येतो आणि ती वापरली की जागा होतो. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ असाच फ्लॉपीवरून हातोहात परदेशी पोचला.

दुसरा ‘वर्म’, म्हणजे किडा. हा नेटवर्कवरून आपला आपण सरपटत जातो. १२ मे २०१७ चा ‘वॉनाक्राय’ तुम्हाला आठवत असेल. इथे इंग्लंडमध्ये हजारो पेशंट्सच्या अपॉइंटमेंट्स रद्द झाल्या. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलं होतं! ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबताना हे लक्षात ठेवा.

तिसरा ‘ट्रोजन’. रावण भिक्षेकऱ्याच्या वेषात आला, तसा हा फुकटच्या गेमच्या नाहीतर बिलाच्या रूपात येतो. आत आल्यावर पासवर्ड चोरतो किंवा आणखी चोरांना दार उघडून देतो.

आणि ‘रॅन्समवेअर’ म्हणजे खंडणीखोर. तो तुमच्या फाइल्सना कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. वॉनाक्राय किडाही होता आणि खंडणीखोरही.

आता माझी गोष्ट. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाची मेल जगभर फिरली. तिच्यासोबतची फाइल उघडली की ती मेल तुमच्या अ‍ॅड्रेस बुकातल्या सगळ्यांना जायची. ओळखीचं नाव दिसलं म्हणून लोक फसले. तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना हसलो होतो.

२०१६ साली माझ्या मेव्हण्याच्या नावाने मेल आली, सोबत वर्डची फाइल. तिने ‘एनेबल कन्टेन्ट’ दाबायला सांगितलं, मी दाबलं. तासाभरात सगळ्या फाइल्सना कुलूप! त्यात आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बॅकअपची डिस्क होती, पण ती कायम कॉम्प्युटरलाच लावलेली, त्यामुळे तीही गेली. पैसे मी भरले नाहीत. भरूनही किल्ली मिळेल याची खात्री काय?

महिनाभर मी बायकोलाही ओव्यांचं सांगितलं नव्हतं. मग एकदा साताऱ्याच्या ताईला फोनवर सांगताना रडू आलं. ती म्हणाली, “अरे, तू मला एक सीडी दिली होतीस ना? देवघरातल्या कपाटात आहे.” निम्म्या ओव्या त्या सीडीवर मिळाल्या. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच.

तेव्हा मंडळी, तीनच गोष्टी करा. अपडेट टाळू नका. ओळखीच्या नावाने अनपेक्षित फाइल आली, तर उघडण्याआधी त्या माणसाला फोन करा. तेवढंच बोलणंही होईल. आणि जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत कॉम्प्युटरपासून तोडून, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा.

ताईसारखी बहीण असेल तर उत्तमच. चला, दूध आलं!