थर्मोस्टॅट काढू नका



ट्रॅक्टर तापतोय, ही तक्रार आपल्या नाशिक जिल्ह्यात घरोघरी ऐकू येते. ट्रॅक्टर गार राहतोय म्हणून मात्र कुणी गॅरेजची पायरी चढत नाही. आज मला त्या गार इंजिनाबद्दलच बोलायचंय.

होतं काय, एप्रिलच्या उन्हात कांद्याची ट्रॉली लासलगावला नेताना काटा लालकडे सरकतो. मिस्त्री थर्मोस्टॅट काढून बाजूला ठेवतो. काटा खाली येतो, मालक खूश. ती झडप पुन्हा कधी बसत नाही. मग डिसेंबर उजाडतो. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाच अंशांवर आलेला असतो आणि आपण भल्या पहाटे ब्लोअर जोडून द्राक्षबागेत फवारणीला निघतो. बाग संपत आली तरी इंजिनाचं पाणी कोमटच.

तवा तापायच्या आत भाकरी टाकली तर ती चिकटते, फार तापला तर करपते. म्हणून भाकरी करणारी माउली चुलीतलं लाकूड आत-बाहेर करत राहते. इंजिनात तो हात थर्मोस्टॅटचा. त्याच्या पितळी डबीत मेण असतं. साधारण ८२ अंशांना ते वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर ते इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर तापतं. थर्मोस्टॅट काढला, म्हणजे चुलीपुढची माउलीच उठवली. तवा गार आणि भाकऱ्यांवर भाकऱ्या पडतायत!

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं डिझेल पेटतं. सिलिंडर गार असला की ते पुरतं जळत नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो, तो त्याचाच. न जळलेलं डिझेल लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. 'आपलं इंजिन ऑइल खातच नाही, उलट पट्टीवर वाढलेलं दिसतं,' असं अभिमानानं सांगणारे भेटतात. अहो, ते वाढलेलं ऑइल नव्हे, डिझेल आहे! बोटावर घेऊन वास घ्या. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगांना काय सांभाळणार? शिवाय डिझेल जळताना वाफ होते, ती गार भिंतीवर पाणी होऊन बसते. २०२० पासून डिझेलमधलं गंधक खूप कमी झालं, त्यामुळे आम्लाचा त्रास घटला, पण पाणी व्हायचं ते होतंच. लायनर, रिंगा झिजतात आणि इंजिन वेळेआधी बांधायला येतं.

म्हणून सांगतो, पाणी ८० ते ९० अंशांत हवं. काटा मधोमध असणं हीच इंजिनाची तब्येत. काटा तळाला चिकटून राहणं हे दुखणं आहे.

याला एक अपवाद आहे: समुद्राचं पाणी थेट इंजिनात फिरवणाऱ्या होड्यांत थर्मोस्टॅट साठेक अंशांचाच बसवतात. खारं पाणी त्याहून तापलं की क्षार आत धरतात, म्हणून ती त्यांची अडचण. आपल्याला कूलंट मिळतो. तरी आपण बोअरचं जड पाणी ओततो आणि तोच क्षार इंजिनात जमवतो! ट्रॅक्टर तापण्याचं खरं कारण बहुधा तिथे असतं, नाहीतर रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या पाचोळ्यात आणि कांद्याच्या सालींत, नाहीतर ढिल्या फॅन बेल्टमध्ये. जाळी साफ करा, बेल्ट ताणा. त्या झडपेनं काय बिघडवलंय तुमचं? कित्येक इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की आडवाट उघडी राहते, गरम पाणी रेडिएटर चुकवून परत इंजिनात येतं आणि ओझ्याखाली ट्रॅक्टर जास्तच तापतो.

झडपेची शंका आली तर ती पातेल्यात पाण्यात टांगून उकळा, सोबत थर्मामीटर धरा. आपलं नाशिक साधारण सहाशे मीटर उंचीवर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्याआधीच झडप सरकताना दिसली पाहिजे. नाही सरकली तर नवी बसवा, पण जागा रिकामी ठेवू नका.

रेडिएटरच्या झाकणाचंही सांगायचं होतं. त्याची स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते, म्हणून पाणी उशिरा उकळतं, आणि गरम इंजिनावर ते झाकण कधीही… वेळ झाली म्हणून खूण करतायत. गरम असताना झाकण उघडू नका, एवढं लक्षात ठेवा. आणि थर्मोस्टॅट काढला असेल तर उद्याच बसवून घ्या.