रक्त कोणाचे सांडायचे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापूस, ज्वारी, कर्ज यांवर बोलणे झाले. आता आम्ही नाटकावर बोलणार आहोत, आणि तेही ब्राझीलमधल्या. शेतीची पदवी घेतलेल्या माणसांना हे काय सुचले, असे काहींना वाटेल. आमचे शिक्षण माती, खत आणि बोंडअळीचे. पण चळवळीत आलो की लोकांपुढे उभे राहून बोलावे लागते. उभे राहणाऱ्याने काय करू नये, हा धडा आम्हांला ब्राझीलच्या नाटकवाल्यांकडून मिळाला.

ब्राझील ही पोर्तुगालची वसाहत. १८२२ साली देश स्वतंत्र झाला, पण शहरातले नाटक पुढेही बरीच वर्षे युरोपकडे पाहूनच चालत होते. नव्या नाटकाची सुरुवात तिथले लोक १९४३ पासून धरतात. त्या वर्षी २८ डिसेंबरला रिओ दि जानेरो शहरात नेल्सन रोद्रिगेस यांचे 'लग्नाचा पोशाख' हे नाटक झाले. मोटारीखाली सापडलेली एक बाई मरणाच्या दारात आहे. रंगमंचाचे तीन भाग केलेले. एकात प्रत्यक्ष घडते ते, दुसऱ्यात तिच्या आठवणी, तिसऱ्यात तिला होणारे भास. दिग्दर्शक झिएम्बिन्स्की हा महायुद्धातून सुटून आलेला पोलंडचा माणूस. नंतर १९४८ साली साओ पावलो शहरात फ्रांको झांपारी या इटलीहून आलेल्या इंजिनिअराने मोठी नाटक कंपनी काढली. काम सफाईचे, पण नाटके बरीचशी परदेशी आणि प्रेक्षक खाऊनपिऊन सुखी.

त्याच शहरात १९५३ साली 'आरेना' नावाची छोटी मंडळी उभी राहिली. पैसा नव्हता, म्हणून पडदा नाही, देखावे नाहीत. मध्ये नट आणि चारी बाजूंनी लोक बसलेले. आपल्या तमाशालाही पूर्वी पडदा नव्हता, तेव्हा हे तुम्हांला नवे वाटणार नाही. १९५८ साली ही मंडळी बंद पडायला आली होती. त्यांनी ग्वार्निएरी या तेवीस वर्षांच्या नटाने लिहिलेले नाटक लावले. कारखान्यात संप आहे. बाप संपाचा पुढारी. मुलाचे लग्न ठरले आहे, होणारी बायको गरोदर आहे. नोकरी जाईल या भीतीने मुलगा संप फोडून कामावर जातो. बाप त्याला घराबाहेर काढतो आणि ती मुलगीही त्याच्यामागे जात नाही. ब्राझीलच्या रंगमंचावर मजूर आपल्या घरासह, आपल्या भांडणासह असा मधोमध क्वचितच आला होता. नाटक वर्षाहून अधिक चालले आणि मंडळी तगली.

आता आपल्यासारख्या मुलखाकडे या. ब्राझीलच्या ईशान्येला 'सेर्ताव' नावाचा कोरडवाहू टापू आहे. पाऊस लहरी, त्या काळी पीक कापसाचे, आणि दुष्काळ पडला की माणसे गाव सोडून किनाऱ्याकडे चालू लागत. तिथल्या आरियानो सुआसुना यांनी १९५५ साली एक हसवणारे नाटक लिहिले. बेकरीवाल्याचा नोकर आजारी पडतो तेव्हा त्याला कोणी पाणी विचारत नाही, पण मालकिणीच्या कुत्र्याला मांस मिळते. कुत्रा मरतो. त्याचे धार्मिक विधीने दफन करायला पाद्री तयार नसतो. कुत्र्याने मृत्युपत्रात तुमच्यासाठी पैसे ठेवले आहेत असे कळताच तो तयार होतो!

दुसरी रचना कवी जुआंव काब्राल यांची. दुष्काळी भागातला एक माणूस नदीच्या काठाने समुद्राकडे निघतो आणि वाटेत जिथे जातो तिथे मरणच भेटते. १९६५ साली साओ पावलोच्या विद्यार्थ्यांनी ती रंगमंचावर आणली. संगीत दिले एकवीस वर्षांच्या शिकू बुआर्क याने. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या महोत्सवात तिला बक्षीस मिळाले.

याच ईशान्य भागात १९५५ पासून कुळांच्या आणि शेतमजुरांच्या संघटना उभ्या राहत होत्या. आरेना मंडळीतला अगुस्तो बोआल तिकडे नाटक घेऊन गेला. हा रसायनशास्त्र शिकलेला माणूस, म्हणजे आमच्यासारखाच वाट चुकलेला. त्याने स्वतः लिहून ठेवलेली ही हकीकत. नाटकाच्या शेवटी नट बंदुका उंचावून गात की जमिनीसाठी रक्त सांडू. प्रयोग संपल्यावर विर्जिलियो नावाचा एक शेतकरी आनंदाने पुढे आला. जमीनदाराच्या गुंडांनी आमच्या एका सोबत्याला हुसकून लावले आहे, तुमच्या बंदुका घ्या आणि चला, असे तो म्हणाला. बोआल खाली मान घालून म्हणाला की बंदुका लाकडी आहेत. शेतकरी म्हणाला, हरकत नाही, बंदुका आमच्याकडे आहेत, तुम्ही तर खरे आहात ना? तेव्हा नटमंडळींना सांगावे लागले की आम्ही नट खरे आहोत, शेतकरी खरे नाही. त्यावर विर्जिलियोने विचारले की मग तुम्ही जे रक्त सांडायचे म्हणता ते आमचे, तुमचे नव्हे, असेच ना?

मंडळी, हा प्रश्न आम्हांलाही एकदा विचारला गेला आहे. आमच्या पथनाट्याच्या शेवटी शेतकरी कापूस पेटवून देतो. एका गावात प्रयोग झाल्यावर एक म्हातारी माय म्हणाली, "भाऊ, कापूस जाळा म्हंता, पन जाळाचा कोनाचा? तुमच्या वावरात तं पराटी दिसत नाई." आमच्याकडे उत्तर नव्हते. तो शेवट आम्ही काढून टाकला.

बोआलने काय केले ते ऐका. १९६४ साली ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९६८ च्या डिसेंबरनंतर दडपशाही आणखी वाढली. १९७१ साली बोआलला पकडले, त्याचा छळ केला, मग त्याने देश सोडला. १९७३ साली पेरू देशात साक्षरतेच्या कामात असताना एका प्रयोगात लोक सल्ले देत होते आणि नट तसे करून दाखवत होते. एका बाईला कितीही करून दाखवले तरी पटेना. शेवटी बोआल म्हणाला, बाई, तुम्हीच या. ती वर आली आणि फसवणाऱ्या नवऱ्याचे काम करणाऱ्या नटाला झाडूने बडवू लागली! तिथून नवी रीत निघाली. प्रसंग अन्यायाचा दाखवायचा, शेवट नटांनी ठरवायचा नाही. बघणाऱ्याने "थांबा" म्हणून उठायचे, पीडिताच्या जागी उभे राहायचे आणि करून बघायचे.

१९८६ साली बोआल मायदेशी परतला. १९९३ ते १९९६ तो रिओच्या नगरसभेत निवडून आलेला सदस्य होता. वस्त्यावस्त्यांत असे प्रयोग झाले, लोकांच्या सूचनांवरून मसुदे तयार झाले आणि त्यांतून तेरा कायदे झाले. २००९ साली तो वारला. पण पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या 'जन संस्कृती' संस्थेने हीच रीत खेड्यांत रुजवली, म्हणजे ती आपल्या देशात येऊन बरीच वर्षे झाली.

तेव्हा जेवणानंतर भाषण नाही. या मांडवात आम्ही एकच प्रसंग दाखवू. जिनिंगच्या दारात गाडी उभी आहे, व्यापारी बोंडात हात घालून ओल जास्त म्हणतो आणि भाव पाडतो. शेतकरी गप्प बसतो. आम्ही तिथेच थांबू. पुढे काय करायचे ते तुम्ही वर येऊन करून दाखवा. आधी मायबहिणींनी यावे, कारण त्या गाडीतला कापूस त्यांनी वेचलेला आहे. जे जमणार नाही ते इथेच कळेल आणि त्यात कोणाचे नुकसान होणार नाही. जे जमेल ते हंगामात जिनिंगच्या दारात करू, आणि त्या वेळी आम्ही तुमच्या पुढे नाही, शेजारी उभे असू.