जड झालेले स्टिअरिंग



आज मी तुम्हांला मोटारीविषयी चार गोष्टी सांगणार आहे. मी काही मिस्त्री नव्हे. माझा जन्म खडू आणि फळा यांत गेला. पण एक प्रसंग घडला आणि त्यातून मी पुष्कळ शिकलो. तोच सांगतो.

माझ्या पुतण्याकडे एक जुनी जीप आहे. इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जाणारी, साध्या स्टिअरिंगची. वाड्यावस्त्यांवरच्या पोरींना तो त्या जीपमधून हायस्कुलात नेतो आणि आणतो. 2022 सालचा पावसाळा संपला आणि स्टिअरिंग जड होऊ लागले. रोज थोडे थोडे. त्याचे दंड भरून येत. पण तो म्हणे, "जुनी गाडी आहे, काका. चालायचंच."

एके दिवशी मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मागे सहा पोरी. विहिरीजवळचे वळण आले. गाडी वळली. एरवी वळण संपले, की हात सैल सोडताच स्टिअरिंग आपोआप सरळ होते. त्या दिवशी झाले नाही. वळलेले ते वळलेलेच राहिले. गाडी थेट विहिरीच्या कठड्याकडे निघाली. पुतण्याने सारा जोर लावून स्टिअरिंग ओढले. कठडा वीतभर उरला. मागे पोरी हसत होत्या. त्यांना काही कळलेच नव्हते. आमच्या मात्र तोंडाला कोरड पडली.

मी म्हणालो, "दुरुस्ती होईपर्यंत गाडीत एकही पोर बसवायचं नाही."

एका गॅरेजवाल्याने गाडी नुसती पाहिली आणि सांगितले, "अख्खा स्टिअरिंग बॉक्स बदला." त्या पैशांत एक म्हैस आली असती. पुतण्या हबकला. मग आम्ही गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, "मास्तर, आधी दुखणं कुठं आहे ते शोधू. औषध मागून."

त्याने पहिल्यांदा काय पाहिले? हवा. सकाळी, टायर थंड असताना त्याने मीटर लावला. उजव्या चाकात 18 पौंड, डाव्यात 20. गाडीच्या पुस्तकात याहून पुष्कळ जास्त लिहिली होती. कमी हवेचा टायर जमिनीवर पसरतो. मग तो वळवायला जास्त जोर लागतो. सायकलची हवा कमी झाली, की हँडल कसे ओढत नेते, ते तुम्हांला ठाऊक आहेच. हवा भरली. थोडा फरक पडला, पण जडपणा गेला नाही.

मग त्याने गाडी सपाट, कठीण जमिनीवर आणली. हँडब्रेक ओढला. मागच्या चाकांना दगड लावले. जॅकने पुढची दोन्ही चाके उचलली आणि आसाखाली मजबूत स्टँड ठेवले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी जाऊ नये, बरं का. जॅक सरकला, की माणूस गेला.

आता त्याने स्टिअरिंग फिरवले. चाके अधांतरी असताना ते हलके फिरले, तर दोष बहुधा टायरात किंवा चाकांच्या अलाइनमेंटमध्ये असतो. तरीही जड राहिले, तर दोष आतल्या सांध्यांत. आमचे जडच राहिले.

मग मिस्त्रीने एक युक्ती केली. दोघांचे भांडण असले, की आपण दोघांना वेगळे बसवून विचारतो ना? तसेच त्याने केले. स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, त्याने सोडवला. दोन चाकांना जोडणारा टायरॉडही एका बाजूने सोडला. आता स्टिअरिंग वेगळे, डावे चाक वेगळे, उजवे चाक वेगळे. एकेक हाताने फिरवून पाहिले. डावे चाक सहज वळले. उजवे हट्टी बैलासारखे अडले. स्टिअरिंग दोन्ही कडांना हलके फिरे, पण बरोबर मधोमध आले, की आवळल्यासारखे होई.

म्हणजे दुखणी दोन होती.

उजव्या चाकाचा किंगपिन कोरडा पडला होता. किंगपिन म्हणजे ज्या खुंट्यावर पुढचे चाक वळते तो खुंटा. त्याला ग्रीस देण्यासाठी छोटी निपल असते. तीत चिखल बसून ती बंद झाली होती. पुतण्या ग्रीसगन मारत होता, पण ग्रीस बाहेरच लागत होते. आत काहीच जात नव्हते. मिस्त्रीने नवी निपल बसवली. चाक उचललेले ठेवूनच ग्रीस मारले. गाडीचे वजन चाकावर असले, तर ग्रीस खालच्या बेअरिंगपर्यंत नीट पोचत नाही. आधी तांबडे, गंजलेले पाणी आले. मग काळे ग्रीस आले. शेवटी नवे, स्वच्छ ग्रीस दिसले, तेव्हा तो थांबला.

दुसऱ्या दुखण्याकडे पाहून तो म्हणाला, "या बॉक्सवरचा स्क्रू कुणी आवळला?"

पुतण्याने मान खाली घातली. "मीच. स्टिअरिंगमध्ये ढिलाई आली होती. म्हटलं, आवळून टाकावं."

मंडळी, त्या बॉक्समध्ये दाते असतात. स्क्रू आवळला, की ते जवळ येतात. फार आवळला, तर स्टिअरिंग सरळ असते तिथेच ते एकमेकांत रुततात. मग वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही. विहिरीजवळ तेच झाले. आणि ढिलाई बॉक्समध्ये नव्हतीच. ती होती टायरॉडच्या झिजलेल्या सांध्यात. दुखणे पायाला आणि पट्टी डोक्याला!

मिस्त्रीने झिजलेला टायरॉड एंड बदलला. स्क्रू सैल करून पुस्तकाप्रमाणे बसवला. बॉक्समधले तेल कमी झाले होते, तेही भरले. सोडवलेल्या सांध्यांना जुन्या स्प्लिट पिना न घालता नव्या घातल्या. ही तारेएवढी पिन नट निसटू देत नाही. शेवटी अलाइनमेंट तपासून घेतली. म्हशीचा खर्च करडावर भागला. आधी मोकळ्या माळावर आणि मग विहिरीच्या वळणावर आम्ही दोघांनीच गाडी फिरवून पाहिली. पुतण्याने हात सैल सोडले. स्टिअरिंग गुमान सरळ झाले. दुसऱ्या दिवशी पोरी गाडीत बसल्या.

काही गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असते. त्यांत टाकीतले तेल कमी झाले, किंवा पट्टा सैल पडला वा तुटला, तर स्टिअरिंग जड होते. काहींत विजेची मोटर असते. तिथे बिघाड झाला, की समोर दिवा लागतो. इंजिन बंद पडले, की ही मदतही जाते. म्हणून डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नये. आणि कोणत्याही गाडीचे स्टिअरिंग चालता चालता एकदम जड झाले, तर वेग कमी करून गाडी बाजूला थांबवावी. घर जवळ आले आहे, असे म्हणून पुढे रेटू नये.

आपले वाडवडील बैलगाडीला वंगणाची नळी टांगत. कणा कुरकुरण्याआधी वंगण घालत. मोटारीलाही तेच हवे. गाडी उभी असताना स्टिअरिंग जोराने पिळू नये. गाडी जरा हलू द्यावी, मग वळवावे.

आता पुतण्याच्या घरात भिंतीवर एक कार्ड टांगले आहे. हवा कधी पाहिली, ग्रीस कधी दिले, याच्या तारखा त्यावर असतात. त्या माझी वहिनी लिहिते. ती प्रौढ वर्गात लिहायला शिकली. महिना उलटला, की ती लेकाला दारातच अडवते. म्हणते, "कार्डावर या महिन्याची तारीख नाही. आधी ग्रीस दे, मग पोरी बसव."

तुमच्या घरी जीप असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर पाण्याचा पंप असो, असे एक कार्ड तुम्हीही टांगा.