अल्टरनेटर बदलण्याआधी खोलून बघा
(कामगार शिक्षण वर्गातील भाषण)



आज वर्गात मेल मोटर सर्व्हिसचे ड्रायव्हर-मेकॅनिक आहेत, आमचे ट्रेन लायटिंगचे साथीही आहेत. दोघांनाही वरून एकच ऐकवले जाते, "दुरुस्ती नको, युनिट बदला." जुने युनिट बाहेर जाते, दुरुस्त होऊन पुन्हा बिलावर येते, आणि आपल्या वर्कशॉपमधली पोस्ट 'काम नाही' म्हणून सरेंडर होते. तेव्हा आज घोषणा बाजूला ठेवू. टेबलावर डाकगाडीचा १२ व्होल्टचा अल्टरनेटर आहे, तो खोलू.

गाडीवरून काढण्याआधी पट्टा आणि बॅटरीची टर्मिनले बघायची. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. मग बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवायची. मागची जाड तार थेट बॅटरीला असते, चावी बंद असली तरी जिवंत. पाना बॉडीला लागला की ठिणगी.

दोन्ही झाकणांवर आणि मधल्या स्टेटरवर एक सरळ खूण ओढा, नाहीतर परत बसवताना बोल्टचे कान जुळत नाहीत. ब्रश होल्डर आधी काढता येत असेल तर काढा, ब्रश मोडणार नाहीत. मग लांब बोल्ट सोडवून पुढचे झाकण रोटरसकट वेगळे करा. स्टेटर मागच्या झाकणाबरोबर राहू द्या, कारण त्याच्या तारा डायोडला डाखलेल्या असतात.

आता मीटर. रोटरच्या दोन स्लिप रिंगांमध्ये साधारण २ ते ५ ओहम यावेत. रिंग आणि शाफ्ट यांच्यात काहीच येता कामा नये, आले तर गुंडाळी अर्थ झाली. स्टेटरच्या तिन्ही तारा आपसात जोडलेल्या दिसाव्यात, लोखंडाशी नाही. गुंडाळी काळी पडून जळका वास येत असेल तर आधी डायोडवर संशय घ्या. नुसती गुंडाळी भरून दिली आणि शॉर्ट डायोड तसाच राहिला, तर तीच गाडी आठवड्यात परत दारात.

मुख्य डायोड बहुधा सहा. तारा सोडवून एकेक तपासा. एका बाजूने वाहील, उलट्या बाजूने नाही. दोन्हीकडे वाहिला तर शॉर्ट, कुठेच नाही तर ओपन. एक डायोड गेला तरी दिवे लागतात, म्हणून ड्रायव्हरला कळत नाही. बॅटरी मात्र हळूहळू उपाशी मरते. डाख देताना तार नोज प्लायरने धरा, उष्णता प्लायर पिईल.

रेल्वेच्या साथींनी इथे हात आवरावा. आपल्याला सवय मेगरची. डायोड जोडलेले असताना ५०० व्होल्टचा मेगर लावला की डायोड गेलेच समजा. जुन्या डब्याखालच्या ४.५ किलोवॅट, ११० व्होल्टच्या अल्टरनेटरचे रेक्टिफायर वेगळ्या पेटीत असते, म्हणून तिथे तारा सोडवून मेगर चालतो. त्याला ब्रशही नाहीत. फील्डची गुंडाळी स्टेटरमध्येच असते, रोटर नुसता दातेरी पत्र्यांचा. तिथे जास्त लक्ष बेअरिंग, व्ही-बेल्ट आणि लटकवण्याच्या पिना-साखळीवर. डाकगाडी बंद पडली तर टपाल उशिरा पोचते. धावत्या डब्याखालून अल्टरनेटर सुटला तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको.

बेअरिंग हाताने फिरवा, खरखर असेल तर बदलाच. ब्रश झिजले असतील तर जोडीनेच घाला. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. "बघू चार्ज करतो का" म्हणून चालू इंजिनवर बॅटरीची तार काढणारे महाभाग आपल्यातही आहेत. त्या झटक्यात चांगले डायोड उडतात.

२०१८ साली चेन्नईच्या कारखान्यात जुन्या पद्धतीच्या डब्यांचे उत्पादन थांबले. डब्याखालचे हे काम घटत जाणार. म्हणून नव्या डब्यांचे ट्रेनिंग आपल्याच माणसांना मिळावे, ही मागणी आम्ही लावून धरली आहे. पण "तुमच्याकडे दुरुस्ती होतेच कुठे?" या प्रश्नाला तोंडी उत्तर चालत नाही. प्रत्येक युनिटचे जॉब कार्ड भरा. दोष काय निघाला, कोणता पार्ट लागला, किती तास गेले, सही कोणाची. पुढच्या बैठकीआधी ती कार्डे शाखेच्या कचेरीत पोचवा. आता दोघे दोघे पुढे या आणि मीटर हातात घ्या.